मित्रास पत्र : गुरविंदर सिंग यांच्या चित्रपटांविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वऱ्हाडीत चित्रपट करावा की मुंबईत मालिका लिहीत राहावे, हा तुझा प्रश्न वाचल्यापासून मला गुरविंदर सिंग यांची सारखी आठवण येते आहे, म्हणून आज त्यांच्याविषयीच लिहितो.

दिल्लीत जन्मलेला हा दिग्दर्शक २००१ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडला आणि २००२ ते २००६ या काळात पंजाबच्या खेड्यांत, फिरत्या लोकगायकांच्या सोबतीने, त्यांची कवने आणि कथा टिपत राहिला. त्यांचा पहिला कथाचित्रपट ‘अन्हे घोडे दा दान’ आला तो थेट २०११ मध्ये. पंजाबी लेखक गुरदयाल सिंग यांच्या कादंबरीवरच्या या चित्रपटाला पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने दिला आणि ज्येष्ठ दिग्दर्शक मणि कौल यांनी मार्गदर्शन केले. त्याच वर्षी जुलैत कौल वारले आणि सप्टेंबरमध्ये व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपट दाखवला गेला.

भटिंड्याजवळच्या दलित वस्तीतले एक घर पाडले जाते आणि त्याच वस्तीतला एक मुलगा शहरात सायकलरिक्षा ओढतो, एवढेच कथानक. माणसे फार कमी बोलतात. मला ती शांतता दिग्दर्शकाची हौस वाटत नाही. ज्यांचे कुणी ऐकून घेतलेले नाही, त्यांना बोलून काय मिळणार, हे त्या चेहऱ्यांवर दिसते, आणि त्यांतले बरेचसे चेहरे खरोखरच गावकऱ्यांचे आहेत. दिग्दर्शन, छायालेखन आणि सर्वोत्कृष्ट पंजाबी चित्रपट असे तीन राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाले, आणि २०१२ मध्ये पणजीच्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, सुवर्ण मयूर हा सर्वोच्च पुरस्कारही.

२०१५ च्या ‘चौथी कूट’ने तर मला हलवून सोडले. वरयाम सिंग संधू यांच्या दोन कथांवर बेतलेला हा चित्रपट ऑपरेशन ब्लू स्टारनंतरच्या, म्हणजे १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात झालेल्या लष्करी कारवाईनंतरच्या, पंजाबात घडतो. शेतावर राहणाऱ्या एका कुटुंबाला एकीकडून अतिरेक्यांचा आणि दुसरीकडून सुरक्षा दलांचा जाच आहे. आपल्या येण्याजाण्याची चाहूल लागू नये म्हणून घरचा कुत्रा मारून टाका, असे अतिरेकी सांगतात. ज्याच्या भुंकण्यावर घराची राखण अवलंबून, त्याचेच भुंकणे जिवावर उठते. रक्तपात दाखवण्याऐवजी सारी दहशत त्या आवाजातून उभी करणे, हे वर्षानुवर्षे कान देऊन ऐकलेल्या माणसालाच साधते, असे माझे ठाम मत आहे. हा चित्रपट फ्रान्समधल्या कान (Cannes) महोत्सवाच्या ‘अँ सर्तँ रगार’ (Un Certain Regard) विभागात निवडला गेला.

पुढे हिमाचलातल्या बीरमध्ये त्यांनी ‘खनौर’ केला आणि २०२२ मध्ये ‘अध चाननी रात’च्या निमित्ताने ते पुन्हा गुरदयाल सिंग यांच्याकडे वळले. अकरा वर्षांत चार कथाचित्रपट. विनोदी कथा आणि गायक-नायक यांच्यावर चालणाऱ्या पंजाबी बाजारात अशा कामाला चित्रपटगृहे सहज मिळत नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे, आणि वऱ्हाडीची बाजारपेठ तर पंजाबीहून कितीतरी लहान.

तरीही तू हा चित्रपट करावास असे मला मनापासून वाटते. मात्र पटकथेचा पहिला खर्डा लिहिण्याआधी वर्षभर तरी गावांत राहा, बाजारात, पारावर, कापूस वेचणाऱ्या बायांमध्ये बसून नुसते ऐक. मालिकेचे काम लगेच सोडू नकोस, तेवढ्या वर्षाची सोय आपण मिळून पाहू. दिवाळीनंतर इकडे आलास की ‘अन्हे घोडे दा दान’ आणि ‘चौथी कूट’ हे दोन्ही चित्रपट एकत्र पाहू आणि तुझ्या कथेवर सविस्तर बोलू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र