मिडी ठेवाच, पण आवाजही त्याच बैठकीत उतरवून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती स्टुडिओवर आलेला लेख आवडला. मात्र त्यातल्या एका सल्ल्याबद्दल लिहिणे भाग आहे. सिंथेसायझर वाजवताना फक्त मिडी (म्हणजे कोणती पट्टी कधी दाबली याची संगणकी नोंद) नोंदवावी, ऑडिओ ट्रॅक अगदी शेवटी, जमल्यास करावा, त्याने जागा वाचते आणि चुका दुरुस्त करता येतात, असे लेखात म्हटले आहे. नव्याने कीबोर्ड घेतलेली मुले असा सल्ला शब्दशः पाळतात. म्हणून हे पत्र.

मी सांगलीत घरीच हौशी नाटकांचे पार्श्वसंगीत करते. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत तर मिडीवाचून माझे पान हलत नाही. दिग्दर्शक तालमीत सांगतात, "हा तुकडा चार सेकंद वाढवा, नाहीतर ती दारापर्यंत पोहोचत नाही." मिडी असेल तर तिथल्या तिथे लय उतरवून देता येते. नाट्यपदात नटाचा गळा बसला आणि काळी दोनवरून पांढरी एकला यायचे ठरले, तर मिडीत ते क्षणाचे काम. तेच तयार ऑडिओवर केले की सुरावटीला रबरासारखी ओढ लागते आणि ती कानाला कळते. तेव्हा मिडीची उपयुक्तता मला कुणी पटवून द्यायला नको.

पण मिडीत आवाज नसतो, हे लेखात कुठेच स्पष्ट आले नाही. जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यमेळ्यात प्रॉफेट-600 आणि ज्युपिटर-6 ही दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका केबलने जोडून दाखवली गेली, तेव्हा त्या केबलमधून सूर गेले नव्हते, सूचना गेल्या होत्या. कोणती पट्टी दाबली, कधी सोडली, किती जोराने दाबली. तो जोरही 0 ते 127 अशा आकड्यांत. त्या दोन कंपन्यांचे संस्थापक डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना या कामासाठी 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाले, आणि तो मान रास्तच होता. तरी मिडी ही स्वरलिपी आहे. वहीतली बंदिश कितीही नेटकी उतरवलेली असली तरी गाणाऱ्याचा गळा वहीत नसतो.

याचा अर्थ काय होतो ते मी मिरजेच्या एका ज्येष्ठ वादकांकडे पाहिले. नव्वदच्या दशकात ते ऑर्केस्ट्रात वाजवत. त्यांच्या फ्लॉप्या आम्ही यूएसबी ड्राइव्ह लावून उघडल्या. सगळ्या वाचल्या गेल्या, एक स्वर हललेला नव्हता. पण व्हायोलिन आणि बासरीचे थर लावून त्यांनी स्वतः घडवलेला जो आवाज होता, तो ज्या कीबोर्डच्या मेमरीत होता तो कीबोर्ड कधीच विकला गेलेला. संगणकाने त्या जागी स्वतःजवळचे कसलेसे तंतुवाद्य लावून दिले. ते ऐकताना त्यांचा चेहरा मला बघवेना. शेवटी त्याच कार्यक्रमाची मिक्सरवरून घेतलेली एक कॅसेट निघाली. सरसर होती, मध्येच आवाज दबत होता, पण आवाज त्यांचा होता. आम्ही कॅसेटच उतरवून घेतली.

वाद्य जवळ असले तरी धोका टळत नाही. डीएक्स-7, एम-1 अशा जुन्या सिंथेसायझरांत वादकाने घडवलेले आवाज एका छोट्या बॅटरीच्या भरवशावर टिकतात. ती संपली की आवाज पुसले जातात. सॉफ्टवेअरमधल्या वाद्यांचेही तेच. 2019 मध्ये ॲपलच्या संगणकांच्या कॅटालिना प्रणालीने जुन्या घडणीचे, 32-बिट प्रोग्रॅम चालवणे बंद केले आणि कितीतरी प्लगइन, म्हणजे संगीताच्या प्रोग्रॅमला जोडायची वाद्ये, एका अपडेटमध्ये मुकी झाली.

आपल्या संगीतात तर अडचण आणखी खोल आहे. पिच बेंडचे, म्हणजे वाजता स्वर वर-खाली ओढायचे, चाक मी शहनाईच्या आवाजासाठी पाच अर्धस्वरांवर लावते, म्हणजे सा पासून शुद्ध मध्यमापर्यंत मींड घेता येते. मिडीत नोंद होते ती चाक किती फिरले याची. किती स्वर चढायचे हे ठरवतो आवाज काढणारा सिंथेसायझर, आणि बहुतेकांत ते मूळचे दोन अर्धस्वरांवर असते. तीच फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की माझी मींड ऋषभावरच थांबते. गांधाराचे तसेच. कीबोर्डचा शुद्ध गांधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). स्केल ट्यूनिंगची सोय असलेल्या कीबोर्डवर तो मी उतरवून घेते. पण मिडीत जातो तो फक्त पट्टीचा क्रमांक, सा मधल्या पांढरी एकचा असेल तर 64. उतरवलेले ट्यूनिंग बहुतेक वेळा कीबोर्डच्या पोटातच राहते. मग तानपुऱ्याच्या ट्रॅकवर तो गांधार असा बोचतो की गाणाऱ्याने सूर लावावा कुठे?

म्हणून माझा आग्रह असा, की दोन्ही ठेवा आणि एकाच बैठकीत. कीबोर्डचा लोकल कंट्रोल (पट्टी दाबताच कीबोर्डने थेट स्वतः वाजण्याची सोय) बंद करून मिडी नोंदवावी, हव्या त्या दुरुस्त्या कराव्यात, मग तीच मिडी कीबोर्डला परत पाठवून त्याचा आवाज ऑडिओ ट्रॅकवर घ्यावा. ऑडिओ 24-बिटवर घेत असाल तर आवाजाची पातळी मापकाच्या तांबड्यापर्यंत नेण्याची काहीच गरज नाही, उणे 12 डेसिबलच्या आसपासची शिखरे पुरतात. फिल्टरची, म्हणजे आवाज उजळ-मंद करणारी, बटणे हाताने फिरवत वाजवत असाल तर मात्र ऑडिओ वाजवतानाच घ्या. अनेक जुन्या वाद्यांत बटणांची हालचाल मिडीतून बाहेर पडतच नाही, आणि आवाजातले आंदोलन दर वेळी वेगळ्या जागी सुरू होते. तो टेक पुन्हा तसाच येत नाही. सोबत साध्या वहीत आवाजाचे नाव, बेंडची मर्यादा, ट्यूनिंग आणि लय लिहून ठेवावी.

जागेची काळजी आता कशाला? 48 किलोहर्ट्झ, 24-बिट, स्टिरिओ असा पाच मिनिटांचा ट्रॅक सुमारे 86 एमबी भरतो. एक टीबीच्या डिस्कवर असे अकरा हजारांहून अधिक ट्रॅक मावतात.

मुले ऑडिओ टाळतात त्याचे खरे कारण मला वेगळेच दिसते. कीबोर्ड यूएसबीने लॅपटॉपला जोडला, त्याचा आवाज ऑडिओ इंटरफेसमार्गे (आवाज संगणकात नेणाऱ्या पेटीतून) पुन्हा त्याच लॅपटॉपला दिला, की बारीक किणकिण आणि घुमारा सुरू होतो. मग "ऑडिओ खराब येतो" असे म्हणून सोडून देतात. दोष ऑडिओचा नसतो, यूएसबी आणि ऑडिओ अशा दोन केबलींतून तयार झालेल्या अर्थिंगच्या दुहेरी वाटेचा असतो. जुन्या पाच पिनांच्या मिडी जोडणीत ऑप्टो-आयसोलेटर असतो, त्यातून सूचना प्रकाशाने पलीकडे जातात आणि ही वाट तुटते. इंटरफेसला पाच पिनांचे मिडी असेल तर यूएसबीऐवजी तेच वापरून पाहावे. नसेल तर कीबोर्ड आणि इंटरफेसमधल्या ऑडिओ केबलवर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (दोन्हींचे अर्थिंग वेगळे ठेवणारी छोटी पेटी) लावावा. तोवर निदान टेक घेताना चार्जर काढून बघावा.

पुरवणीतल्या पुढच्या लेखात आपल्या लेखकांनी या केबल आणि अर्थिंगच्या भागावर सविस्तर, आकृतीसह लिहावे, ही विनंती. महागड्या सॉफ्टवेअरच्या यादीपेक्षा गावोगावच्या मुलांना त्याची गरज जास्त आहे.

– एक कीबोर्डवादक, विश्रामबाग, सांगली