पगार की मनासारखं काम?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. नवीन ठिकाणी पगार तीस टक्के जास्त, पण आताचं काम आवडतंय. इकडे रात्र असते तेव्हा तू ऑफिसात असतेस, फोनवर हे नीट बोलणं होणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ऑफर लेटर समोर घे आणि सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुझ्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चाचा, आकडा विसर. दरमहा नक्की हातात किती पडणार, तेवढंच वहीत लिही. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून, म्हणून जी रक्कम दाखवतात ती शंभर टक्के टार्गेट पूर्ण झालं तरची असते. गेल्या दोन वर्षांत त्यातलं प्रत्यक्षात किती टक्के दिलं, हे एचआरला सरळ विचार. उत्तर गुळमुळीत आलं तर ती रक्कम शून्य धर. जॉइनिंग बोनसही हिशेबात नको. तो एकदाच मिळतो आणि ठरलेल्या मुदतीआधी सोडलंस तर बहुतेक ठिकाणी परत भरावा लागतो.

आता तास मोज. लोक इथेच फसतात. समज, आज तुला १०० मिळतात आणि आठवड्याला कामाचे ४० व प्रवासाचे ५ असे ४५ तास जातात. तिकडे १३० मिळतील, पण कामाचे ५० आणि प्रवासाचे १० मिळून ६० तास जाणार. भागून बघ: इथे तासाला २.२२, तिथे २.१७. पगार वाढला आणि तुझ्या तासाची किंमत उतरली! घरी येऊन लॅपटॉप उघडावा लागणार असेल तर तेही तास त्यात धर.

मग इन्क्रिमेंट. आताच्या ठिकाणी वर्षाला ८ टक्के आणि तिकडे ३ टक्के वाढ मिळत असेल, तर सहाव्या वाढीनंतर आताचाच पगार पुढे जातो.

समाधानाचं काय? १९५९ मध्ये फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडलं, की पगार, साहेब, कामाची जागा या गोष्टी बिघडल्या तर माणूस वैतागतो, पण त्या सुधारल्या म्हणून कामात जीव रमतोच असं नाही. तो रमतो जबाबदारी, काही जमल्याची भावना, शिकायला मिळणं यांत. पुढे २०१० मध्ये पाहणी केलेल्या ९२ गटांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा पगार आणि कामातलं समाधान यांचा सहसंबंध जेमतेम ०.१५ निघाला (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पुरता संबंध). पण घराचा हप्ता थकत असेल, उसनवारी करावी लागत असेल, तर पगार बघून जायचं. त्यात कमीपणा काही नाही.

तुझं तसं नाही. म्हणून दोन आठवडे रोज संध्याकाळी दोनच ओळी लिही: कुठल्या तासाला घड्याळाकडे लक्षच गेलं नाही, आणि कुठल्या तासाला सारखं गेलं. 'मीटिंग कंटाळवाणी' असं मोघम नको. 'मंगळवारी तीन वाजता तोच रिपोर्ट तिसऱ्यांदा दुरुस्त केला', असं लिही. मग प्रत्येक ओळीपुढे खूण कर, हे कामामुळे, साहेबामुळे की कंपनीमुळे. आवडत्या तासांपुढे 'साहेब' जास्त वेळा आलं तर जप. उद्या त्यांची बदली झाली तर तुला धरून ठेवणारं तिथे काय उरतं?

नवीन ठिकाणी जिच्या हाताखाली काम करणार तिला विचार, की या जागेवर आधी कोण होतं, ती व्यक्ती का गेली आणि तीन वर्षांत कितीजण बदलले. जमलं तर टीममधल्या कुणाशी वेगळं बोल. पदाच्या नावावरून काही कळत नाही. दिवस कसा जातो ते विचार.

पुढे कधी उलट वेळ आली, म्हणजे आवडीच्या कामासाठी कमी पगार घ्यायचा झाला, तर तीन महिने त्या कमी पगारातच भागवून बघ आणि वरची रक्कम दरमहा पहिल्या तारखेलाच बाजूला काढ. झेपतंय का ते कळतं, शिवाय गाठीला पैसे राहतात.

आणखी एक. राजीनामा दिल्यावर आताचे साहेब पगार वाढवून थांबवू बघतील. तेव्हा वही उघड. ज्या ओळींनी तू वैतागलीस त्यातली एखादी तरी त्या पैशाने पुसली जाते का, ते बघून मगच हो म्हण.

सही करण्याआधी ऑफर लेटर आणि वहीच्या पानांचे फोटो पाठव. शनिवारी दोघी बसून हिशेब पुन्हा मांडू.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुझी,
ताई