डिस्चार्जच्या आधी बाळाचे डोळे बघा

संपादक महोदय,

मी भांडुपला राहते. गेल्या महिन्यात माझ्या 6 वर्षांच्या मुलीला चष्म्याचा नंबर काढायला नेलं, तर कागदावर 'ब्ल्यू डॉट कॅटरॅक्ट' लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. कॅटरॅक्ट म्हणजे मोतीबिंदू एवढं आम्हालाही कळतं हो, सासूबाई तर घरी येऊन रडायलाच लागल्या, की आमच्या ह्यांचा साठीनंतर काढला आणि हिला सहाव्या वर्षी कसा झाला.

दोन रात्री अशाच काढल्या, मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्या मॅडमनी स्क्रीनवर डोळ्यातलं भिंग दाखवलं आणि नीट समजावलं, की हे निळसर बारीक ठिपके जन्मापासूनचे असतात, बहुतेकांना त्याने काहीही त्रास होत नाही, वर्षातून एकदा दाखवत जा. भिंगाचे धागे जिथे एकमेकांना मिळतात तिथे वाय आकाराची शिवण असते, पुढच्या बाजूला सरळ आणि मागच्या बाजूला उलटी, ती तर सगळ्यांनाच असते. कुणाला भिंगाच्या मागे एक पांढुरका टिपका असतो, आईच्या पोटात असताना भिंगाला रक्त पुरवणारी शीर असते ना, तिची ती उरलेली खूण. ह्यातलं एक वाक्य जरी पहिल्या ठिकाणी कुणी बोललं असतं तरी आमच्या दोन रात्री वाचल्या असत्या.

पण मी पत्र लिहायला बसले ते माझ्या नणंदेच्या बाळासाठी. त्याचा एक डोळा थोडा तिरळा वाटायचा, बाहुलीत पांढरट दिसायचं, तर सगळे म्हणायचे अजून नजर बसायची आहे. सातव्या महिन्यात कळलं की त्या डोळ्यात जन्मतःच दाट मोतीबिंदू आहे. एकाच डोळ्यात असा दाट असेल तर ऑपरेशन साधारण पहिल्या 6 आठवड्यांत व्हायला लागतं, कारण मेंदू बघायला शिकतो तो त्याच दिवसांत, आणि त्या डोळ्याकडून चित्रच आलं नाही तर मेंदू त्याला सोडून देतो. ऑपरेशन झालं, पण आता दुसरा डोळा बघायला शिकावा म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावायची आणि ते पोर ती ओरबाडून काढतं, नणंद त्याचे हात धरून बसते, बघवत नाही.

आणि हे जन्माच्या वेळी सापडू शकतं! अंधाऱ्या खोलीत ऑफ्थॅल्मोस्कोपने, म्हणजे डोळ्याच्या आत बघायच्या छोट्या यंत्राने, दोन्ही डोळ्यांत उजेड टाकायचा, दोन्हीकडे सारखी लाल चमक आली पाहिजे, एक-दोन मिनिटांचं काम. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, 2013 पासून, जन्मजात मोतीबिंदू तपासायच्या आजारांच्या यादीत आहे. मग मॅटर्निटी होममधून घरी सोडताना, सरकारी असो की प्रायव्हेट, डिस्चार्ज कार्डावर 'लाल चमक तपासली' असा एक रकाना का नसावा? बीसीजी, पोलिओचे रकाने असतातच ना.

गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो, हे 1941 मध्येच ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग ह्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं. म्हणून एमआरची, म्हणजे गोवर-रुबेलाची, लस चुकवू नका, दोन्ही डोस.

संपादक साहेब, एक विनंती. फ्लॅश मारून काढलेला, एक डोळा लाल आणि एक पांढरा दिसणारा फोटो तुमच्या आरोग्याच्या पानावर छापा. पांढरं दिसलं तर कधी नुसता कॅमेऱ्याचा अँगल असतो, कधी मोतीबिंदू, कधी डोळ्याच्या आतली गाठ, ते डॉक्टर ठरवतील, पण त्याच आठवड्यात दाखवायचं. नणंदेच्या मोबाइलमध्ये बारशाचा असाच फोटो होता, आम्ही सगळ्यांनी बघितला होता.

एक वाचक, भांडुप, मुंबई