खुन्याला कारण कशाला?

महोदय,

पडद्यावरच्या प्रत्येक खलनायकाला दुःखी बालपण चिकटवण्याची हल्ली टूम निघाली आहे. भयपटांतल्या खुन्यांना तरी त्यातून वगळा. जॉन कार्पेंटरच्या १९७८ सालच्या ‘हॅलोविन’मधला मायकल मायर्स आठवा. सहा वर्षांचा पोरगा सख्ख्या बहिणीला भोसकतो, बाप येऊन त्याचा मुखवटा काढतो, तर आतला चेहरा कोरा. ना राग, ना भीती. पुढे मोठेपणी एका तरुणाला सुऱ्याने खिळवून टाकल्यावर तो मान कलती करून त्याच्याकडे नुसता बघत राहतो. रक्तापेक्षा ते बघणेच अंगावर येते. ज्याला काय हवे तेच कळत नाही, त्याच्यापुढे गयावया तरी काय करणार?

‘फ्रायडे द थर्टीन्थ’मधली (१९८०) खुनी बाई निराळी. शिबिरात देखरेखीच्या हलगर्जीपणामुळे तिचा मुलगा बुडालेला असतो. (रहस्य फोडले खरे, पण चित्रपट चाळीस वर्षांहून जुना आहे!) ती क्रूर आहे, तरी आईचे दुःख पोचते आणि माफीला थोडी जागा उरते.

‘हॅलोविन’वाल्यांनाही कारण देण्याचा मोह आवरला नाही. १९८१च्या दुसऱ्या भागात नायिका मायकलची बहीण निघाली. २००७ मध्ये दिग्दर्शक रॉब झॉम्बीने आपल्या नव्या ‘हॅलोविन’मध्ये घरातली शिवीगाळ, शाळेतला छळ असे सगळे रीतसर दाखवले. मायकल समजला आणि माझी तरी भीती पळाली. २०१८च्या चित्रपटाने ते बहीण-भावाचे नाते गुंडाळून ठेवले, हे झकास केले.

– एक वाचक, डोंबिवली