हेडसेटमधील नोंदी कोणाच्या ताब्यात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कामगारांना फोर्कलिफ्ट, क्रेन किंवा वेल्डिंगचे प्रशिक्षण आभासी वास्तवाच्या (व्हीआर) म्हणजे डोळ्यांवर लावायच्या हेडसेटमधून देण्याची पद्धत आता रुळू लागली आहे. नवशिक्याच्या चुकीने कोणी जखमी होत नाही, हा तिचा मोठा फायदा असून त्याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्याच हेडसेटमधून गोळा होणाऱ्या वर्तनाच्या नोंदींचा.

फोर्कलिफ्ट मागे घेताना चालकाने मान वळवली की नाही, वाटेत अचानक माणूस आल्यावर लिव्हरवरचा हात किती वेळाने हलला, हे सारे यंत्र टिपते. नजर टिपणारे कॅमेरे असतील, तर तो कुठे किती वेळ पाहत होता हेही पर्यवेक्षकाला लाल-पिवळ्या डागांच्या रूपात पडद्यावर दिसते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०१८ मध्येच असा हिशेब मांडला होता, की डोके आणि हातांच्या हालचाली सेकंदाला ९० वेळा मोजणाऱ्या यंत्रणेत २० मिनिटांत जवळपास २० लाख नोंदी जमा होतात. नाव काढून टाकले म्हणजे नोंदी निनावी झाल्या, हा युक्तिवादही टिकत नाही. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये एका आभासी खेळाच्या ५५ हजारांहून अधिक खेळाडूंच्या हालचाली तपासल्या, तेव्हा १०० सेकंदांच्या नोंदींवरून ९४ टक्क्यांहून अधिक अचूकतेने व्यक्ती ओळखता आली.

या नोंदींवरून माणसाची पारख होऊ लागली, की खरी अडचण सुरू होते. वीस वर्षे क्रेन चालवलेल्या पन्नाशीच्या माणसाला हेडसेट लावल्यावर गरगरू लागले आणि तो मान जपून हलवू लागला, तर संगणकाच्या लेखी तो मंद किंवा बेसावध ठरू शकतो. चष्मा, थकवा, हेडसेटची सवय नसणे, यांपैकी काहीही गुणपत्रकात दिसत नाही. दिसतो तो फक्त आकडा, आणि आकड्याशी भांडता येत नाही.

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा, २०२३ येथे फारसा उपयोगी पडेल असे वाटत नाही. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास त्याच्या कलम ९ मध्ये काही अपवाद वगळता मनाई आहे, मात्र कलम ७ नुसार नोकरीशी संबंधित कारणांसाठी कर्मचाऱ्याची संमती न घेताही त्याची विदा वापरता येते. शिवाय संमती मागितली, तरी प्रशिक्षणाला नकार देणारा कामगार कितीसा सापडेल?

म्हणून कायदा बदलण्याची वाट न पाहता कामगार संघटनांनी हा विषय वेतन कराराच्या वाटाघाटींतच घ्यावा. करारात कँटीनपासून गणवेशापर्यंत सर्व गोष्टींची कलमे असतात, त्यांत आणखी एक बसू शकते. नजरेच्या आणि हालचालींच्या कच्च्या नोंदी प्रशिक्षण संपताच पुसल्या जाव्यात. व्यवस्थापनाकडे केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढाच निकाल जावा. तो निकाल कशावरून काढला हे कामगाराला पाहता यावे, आणि अनुत्तीर्ण ठरलेल्याला प्रत्यक्ष यंत्रावर, अनुभवी प्रशिक्षकासमोर पुन्हा चाचणी देण्याचा हक्क असावा. बढती, बदली किंवा कपातीसाठी या नोंदी वापरणार नाही, असे व्यवस्थापनाने लेखी द्यावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे