आधी प्लेटचा फोटो पाठव

लीड्स,
रविवार संध्याकाळ

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालीस, "बाबा, गाडी मस्त आहे, लाल आहे, चाळीस हजार मैलच चाललीय, शनिवारी पैसे देऊन टाकते." मी नुसतं "हूं" म्हणून फोन ठेवला, कारण आई शेजारी बसली होती आणि तिला लाल रंग एकदम पसंत पडला होता. म्हणून हे पत्र. मराठीतून लिहितोय, तेव्हा तुला वाचायला वेळ लागेल. लागू दे. शनिवारला अजून सहा दिवस आहेत.

तुम्ही कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं ते चाकांवरचं घर, आधी घेतलीत ते बरं झालं. लोक गाडी घेऊन बसतात आणि मग तिला झेपेल अशी कॅरॅव्हॅन शोधत हिंडतात. तुमचा आकडा ठरलेला आहे. दाराजवळच्या प्लेटवर लिहिलंय तो, १,३५० किलो, म्हणजे सामानसुमान भरून तिचं जास्तीत जास्त वजन. कारखान्यातून निघाली तेव्हाचं वजन १,२१०. उरले १४० किलो. आधीच्या मालकाने मूव्हर, म्हणजे गाडीशिवाय तिला हलवायची मोटर, बसवलाय, त्यात तीसेक गेले. बॅटरीचे वीस, पुढे ऑनिंग म्हणजे दारापुढचा तंबू, खुर्च्या, पोरांच्या सायकली. आणि तू कणकेची दहा किलोची पिशवी व प्रेशर कुकर घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीस हे मला माहीत आहे. तेव्हा कॅरॅव्हॅन १,३५० चीच धरून चाल, रिकाम्या वजनावर हिशेब करू नकोस.

आता गाडी. इकडे इंग्लंडातले जुने कॅरॅव्हॅनवाले नवशिक्यांना एकच सांगतात, भरलेली कॅरॅव्हॅन गाडीच्या कर्बवेटच्या, म्हणजे रिकाम्या गाडीच्या वजनाच्या, ८५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. हा कायदा नाही, पण मी तीस वर्षं पाळलाय. १,३५० भागिले ०.८५ करून बघ, १,५८८ येतात. म्हणजे तुम्हाला सोळाशे किलोच्या घरातली गाडी हवी. तुझ्या त्या लाल गाडीचं कर्बवेट मी शोधलं, १,२९० आहे. मागची कॅरॅव्हॅन पुढच्या गाडीपेक्षा साठ किलोंनी जड! रेड्यामागे हत्ती बांधल्यासारखं होईल ते. सपाट रस्त्यावर ओढेलही कदाचित, पण उतारावर कोण कोणाला नेतंय ते कळायचं नाही.

कायद्याचा आकडा वेगळा, आणि तो विकणाऱ्याच्या तोंडून ऐकायचा नाही. गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली एक छोटी प्लेट असते, तिच्यावर खालोखाल चार वजनं असतात. पहिलं भरलेल्या गाडीचं, दुसरं गाडी आणि मागचं ओझं मिळून, तिसरं-चौथं पुढच्या-मागच्या ॲक्सलचं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की गाडी किती ओढू शकते ते निघतं. समजा वर २,१४० आणि खाली ३,९४० असेल, तर १,८०० किलो. दुसरा आकडाच नसेल किंवा तिथे शून्य असेल, तर त्या गाडीला ओढायची परवानगीच नाही, मागे टोबार, म्हणजे ओढायचा दांडा, लावलेला का असेना. असे टोबार लोक सायकलींचा रॅक अडकवायला लावून घेतात. काही हायब्रिड गाड्या अशाच निघतात, दिसायला धिप्पाड आणि ओढायला शून्य. लॉगबुकात, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदातही, 'ओ.१' या रकान्यात ब्रेकवाल्या ट्रेलरची मर्यादा असते, ती ताडून बघ.

आता आजोबांची एक गोष्ट. ही तुला मी कधी सांगितली नाही, कारण तीत माझीच फजिती आहे.

१९९३ साली आम्ही पहिली कॅरॅव्हॅन घेतली, तू चार वर्षांची होतीस. स्कारबरोला निघालो. घडीचं टेबल, पाण्याचे कॅन, आईने केलेल्या चकल्यांचे डबे, सगळं मी मागच्या खिडकीखाली रचलं, तिथे जागा छान होती ना. ए६४ हमरस्त्यावर एक ट्रक आम्हाला मागे टाकून गेला आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं. आरशात बघतो तर कॅरॅव्हॅन डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. पाय ब्रेककडे जात होता, तो कसा कोण जाणे थांबला. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं, आणि वेग उतरला तशी ती मुकाट्याने सरळ झाली. हायवे कोडमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या नियमांच्या सरकारी पुस्तकात, हेच सांगितलंय, पण त्या क्षणी मला काही कोड-बिड आठवत नव्हतं. आई मांडीवरची चकली मोडेपर्यंत धरून बसली होती.

आजोबांना गावी पत्रात लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, त्यात ऊस, पाऊस आणि भावकीचं सगळं झाल्यावर शेवटी एक ओळ होती, "गाडी उलाळ भरली असशील."

आजोबांनी जन्मभर बैलगाडीतून कारखान्याला ऊस घातला. बैल जुंपायच्या आधी ते जू हाताने उचलून बघायचे. मागे वजन जास्त झालं की जू वर उठतं आणि बैलाच्या गळ्याला जोतं आवळतं. पुढे जास्त झालं की मानेवर भार येतो आणि खांदा सुजतो. मोळ्या मागे-पुढे सरकवून, जुवावर थोडासाच भार राहील अशी गाडी ते तोलायचे. इकडे त्याला नोजवेट म्हणतात आणि त्यासाठी हिशेब आहे, कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या पाच ते सात टक्के. तुमच्या बाबतीत ६७ ते ९५ किलो. प्रत्येक गाडीच्या टोबॉलची, म्हणजे टोबारवरच्या गोळ्याची, स्वतःची मर्यादा असते, कुणाची ७५, कुणाची १००, आणि त्यावर बसणाऱ्या कॅरॅव्हॅनच्या हिचचीही असते. दोन्हींत जी कमी ती आपली. म्हणून गाडी बघायला जाशील तेव्हा हाही आकडा टिपून आण. ७५ वाली गाडी तुम्हाला चालेल, पण भरताना दर वेळी तोलावं लागेल. ५० वाली बघूच नकोस.

मापायला काही विकत आणू नकोस. आईचा वजनकाटा, त्यावर फळी, फळीवर झाडूच्या दांड्याचा तुकडा, आणि त्यावर हिच टेकवायचा. कॅरॅव्हॅन सपाट जागी आणि सरळ उभी हवी. जड सामान ॲक्सलवर, खाली, जमिनीला धरून. मागे फक्त उशा.

गाडी चालवून बघशील तेव्हा क्लचवर लक्ष ठेव. तिसरा-चौथा गिअर टाकून हळू चालव आणि एकदम जोर दे. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी तेवढीच राहिली, तर क्लच गेलेला आहे. व्हिट्बीहून परत येताना स्लीट्सच्या वरचा ब्लू बँक आठवतो का तुला? पाचास एक असा चढ. मधे पुढची बस थांबली, आम्हीही थांबलो, आणि निघताना मागच्या सीटवरून तू म्हणालीस, "बाबा, पापड करपला." पापड नव्हता. ती गाडी विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की मागे कधी काही ओढलेलं नाही. तेव्हा टोबार असलेली गाडी मिळाली तर सरळ विचार, काय ओढत होता, किती वर्षं? घोड्यांचा ट्रेलर म्हणाला तर गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल माग. सरकारी वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकलास की एमओटीचा, म्हणजे दर वर्षीच्या तपासणीचा, सगळा इतिहास फुकट दिसतो, मैल किती आणि दर वर्षी काय काय सांगितलं होतं तेही. मागचे स्प्रिंग, मागचे टायर, गंज, हे शब्द दिसले की थांब.

माझं ऐकशील तर ऑटोमॅटिक घे. कॅरॅव्हॅन लावायच्या मैदानात चढावर, ओल्या गवतात, रिव्हर्स घेताना मॅन्युअलचा क्लच रडतो, आणि शेजारचे चहा पीत बघत बसलेले असतात.

डिझेल की पेट्रोल, यावर तुझ्या नवऱ्याशी माझं एकमत होईलसं वाटत नाही. ओढायला डिझेलसारखं दुसरं नाही, इंजिनाच्या कमी फेऱ्यांतच जोर मिळतो, आणि एम५ महामार्ग संपल्यावर हॉल्डन हिल चढताना तो लागतोच. पण नुसतं शाळा आणि दुकान एवढंच फिरणार असाल तर धुराची जाळी तुंबते. जावई आठवड्यातून दोनदा एम४ ने कार्डिफला जातात, तेव्हा तुम्हाला चालेल. फक्त युरो ६, म्हणजे कमी धुराच्या नव्या नियमातली, पाहिजे. तुमच्या ब्रिस्टलमध्ये जुन्या डिझेलला मध्यवस्तीत शिरलं की दिवसाला ९ पौंड. साधारण सप्टेंबर २०१५ नंतर नोंदलेल्या गाड्या युरो ६ असतात, तरी नंबर टाकून खात्री कर. सुपर्ब इस्टेट बघ, पसाट बघ, जरा उंच हवी तर सोरेंटो किंवा सांता फे. डिस्कव्हरी साडेतीन टन ओढते, पण तुम्हाला काय त्याचं? पेट्रोलपंपावर रडाल.

लायसनची काळजी नको. तुझ्यासारख्या १९९७ नंतर पास झालेल्यांना पूर्वी ट्रेलरची वेगळी परीक्षा होती, ती डिसेंबर २०२१ मध्ये गेली. परीक्षा गेली म्हणून उलटं घ्यायला येत नाही, तेव्हा एक दिवसाचा क्लास दोघंही करा. इन्शुरन्सवाल्यांना टोबारचं कळवा. आणि बाजूचे जादा आरसे लाव, तुमची कॅरॅव्हॅन कुठल्याही गाडीपेक्षा रुंदच आहे.

त्या लाल गाडीवाल्याला उद्या गोड शब्दांत नाही म्हण. दुसरी कुठलीही आवडली तर आधी प्लेटचा फोटो मला पाठव, गाडीचा नको. शनिवारी सकाळच्या ट्रेनने मी येतोय, साडेतीन तास तर लागतात. वजनकाटा पिशवीत घातलाय. आई म्हणते, परत आणला नाहीस तर तूही येऊ नकोस.

तुझा,
बाबा