मंत्रीसाहेब, आमच्या विमानात दोन हिस्से सरकारचे, मग मेंटेनन्सचे पैसे कधी पाठवताय?

मा. नागरी विमान वाहतूक मंत्री,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहायचं नव्हतं. पण परवा रात्री अमेरिकेतल्या विकणाऱ्याचा मेल आला की तुमची आठ महिने वाट बघितली, आता विमान दुसऱ्याला दिलं. तेव्हापासून झोप नाही.

आम्ही पाच जण मिळून एक जुनं विमान घेणार होतो. एक डेंटिस्ट, एक साखर कारखान्यातला इंजिनिअर, एक पोल्ट्रीवाला, एअरफोर्समधून रिटायर झालेले अण्णा आणि मी, ट्रॅक्टरचं गॅरेज. विमान म्हणजे 1976 चं सेसना 172, एक पंखा, चार सीट. 1956 पासून बनतंय, जगात सगळ्यात जास्त बनलेलं विमान हेच, म्हणजे आकाशातली लूनाच म्हणा. आणायच्या खर्चासकट 70 लाख, माणशी 14. आमच्या गल्लीत यापेक्षा महागाच्या गाड्या धूळ खात उभ्या आहेत, त्यांच्या मालकांना कोणी हौशी म्हणत नाही.

पाच जण कशाला, तर विमान उडालं नाही तरी इन्शुरन्स, हँगर, वर्षाची तपासणी चुकत नाही, आणि नुसतं उभं ठेवलं तर इंजिन आतून गंजतं. पाच जणांनी आलटून पालटून उडवलं की ते फिरतं राहतं, आणि 2000 तासांनी जो ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण खोलून दुरुस्त करणं) येतो त्यासाठी दर तासामागे डब्यात पैसे टाकायचे, भिशीसारखं. विहिरीवर पाण्याची पाळी असते तशी वहीत पाळी पण लावली होती. तर एका ऑफिसातले साहेब विचारतात, "मालक नक्की कोण?" पाच जण म्हटलं. "असं कसं, एक नाव सांगा." अहो सामाईक विहिरीला सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लागतात, सहकारावर उभ्या राहिलेल्या राज्यातून आलोय आम्ही!

आता टॅक्स. 22 सप्टेंबर 2025 पासून स्वतःच्या वापराच्या विमानावर 40 टक्के जीएसटी. आधी 28 आणि वर सेस होता, तेव्हाही रडतच होतो. 70 लाखांवर 40 टक्के म्हणजे 28 लाख, म्हणजे बरोब्बर दोन हिस्से. पाचाचे सात पार्टनर झाले आणि त्यातले दोन ना तेल घालणार ना विमान धुणार. आणि धंद्यासाठी आणलं की 5 टक्के! म्हणजे चार्टर कंपनीच्या नावावर जेट घेऊन शेठ फिरला की तो व्यवसाय, आणि गॅरेजवाला पन्नास वर्षं जुन्या सेसनात बसला की चैन.

मी सत्तेचाळिसाव्या वर्षी लायसन्स काढलं, त्यासाठी आईच्या नावचा गुंठेवारीतला प्लॉट विकला. बायको अजून चारचौघांत म्हणते, ह्यांनी प्लॉट उडवला. तेही सोसलं. पण जवळच्या धावपट्टीवर जागा देतो असं मला तोंडी सांगितलं होतं आणि नंतर "लेखी दाखवा" म्हणाले, ते नाही सोसवत. त्या धावपट्टीवर शेरडं चरतात, पोरं स्कूटी शिकतात, फक्त विमानाला जागा नाही.

पेट्रोलचं तर विचारूच नका. आमच्या इंजिनाला जेटचं इंधन चालत नाही, छोट्या विमानांचं खास पेट्रोल म्हणजे अ‍ॅव्हगॅस लागतं. 2022 मध्ये ते देशात बनायला लागलं म्हणून केवढा आनंद झालेला, आणि जानेवारी 2023 मध्ये न्हावा शेव्यावरून पापुआ न्यू गिनीला निघालं सुद्धा. आम्हाला मात्र बॅरल कुठून आणायचं याला अजून कोणी सरळ उत्तर देत नाही. आम्ही पापुआ न्यू गिनीला शिफ्ट होऊ का?

हवाई चप्पलवाला विमानात बसेल असं 2017 ला ऐकलं होतं. बसेल म्हणजे तिकीट काढून मागे बसेल, पुढे बसायचं नाही, हे तेव्हाच सांगायचं होतं. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना रजिस्ट्रेशन मिळायला वर्षानुवर्षं गेली, शेवटी व्हीटी-एनएमडी नंबर मिळाला. त्यांच्यासाठी वरपर्यंत शब्द टाकला गेला, आमच्यासाठी कोण टाकणार, पोल्ट्रीवाला? कायद्याचं नाव बदललं, 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम झालं, छान झालं, पण टेबलापलीकडचे साहेब आम्हाला 1937 चाच नियम वाचून दाखवतात. आणि तुमच्या लोकांची सभा असली की उभा ऊस कापून एका रात्रीत हेलिपॅड तयार. तेव्हा फाईल लागत नाही, एक नाव सांगा म्हणत नाहीत, बांधकामवाले, पोलीस, तहसीलदार सगळे उन्हात उभे.

मागणं एवढंच की विना-नफा गटाने सामाईक घेतलेल्या जुन्या छोट्या विमानाला जेटच्या रांगेत उभं करू नका, आणि धावपट्टीचं जे काय आहे ते हो किंवा नाही, लेखी द्या.

आपला,
एक पंचमांश पायलट

ता.क. पोर्टलवर आमच्या तक्रारीपुढे आज सकाळी "निकाली" आलंय. अण्णा विचारतायत, कोणाच्या बाजूने?